न चालणारा रंग

मित्रांनो, मी बाटलीच्या तळाशी उरलेली एक जुनी शाई आहे. माझा रंग जळका नारिंगी. आर्णीपासून थोडे आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथल्या राठोडांच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर माझी बाटली ठेवलेली असते. शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची डबी आणि एक बंद पडलेला टॉर्च आहे. जास्त बोलायची ताकद आता राहिली नाही. उन्हाळा आला की झाकणाच्या फटीतूनही माझा थोडा थोडा जीव उडून जातो. तरी आहे तोवर माझी हकीकत सांगून टाकते. उद्या कोणी बाटली धुऊन तिच्यात खोबरेल भरले, तर ती सांगायला कोणी उरणार नाही.

शायांमध्येही मानपान असतो बरे का. हिरवी शाई मोठ्या साहेबांची. लाल शाई गुरुजींची. निळी आणि काळी सगळ्या जगाची. माझ्या रंगाला मात्र धनी नाही. आयुष्यभर लोकांनी मला उजेडात धरले, डोळे बारीक केले आणि मत दिले. मते ऐकून ऐकून मी थकले. माझ्याने लिहिले मात्र फार थोड्यांनी.

माझा जन्म यवतमाळ शहरातला. भगवानराव नावाचे एक गृहस्थ होते. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि घराच्या मागच्या खोलीत हौसेने शाया बनवत. त्या दिवशी त्यांना ताज्या संत्र्यासारखा नारिंगी रंग करायचा होता. पण तपकिरी रंगाची पूड हातून जास्त पडली आणि पातेल्यात भलतेच काही तयार झाले.

त्यांच्या पत्नी बेबीताई दारातून डोकावल्या. "काय झालं? बिघडलं का?"

भगवानरावांनी काडी बुडवून कागदावर एक रेघ ओढली आणि ती वाळेपर्यंत नुसते बसून राहिले. ओली असताना रेघ मातकट दिसत होती. वाळता वाळता तिच्या कडा गडद झाल्या आणि मधोमध निखाऱ्यासारखी नारिंगी झाक उरली.

"बिघडलं नाही," ते म्हणाले. "पिकलं."

"तुमचं आपलं काहीतरीच. हा रंग घेईल कोण?" असे म्हणून बेबीताई आत निघून गेल्या.

अशी जन्मल्या दिवशीच माझ्याबद्दल घरात दोन मते झाली.

भगवानरावांनी मला एका चौकोनी बाटलीत भरले आणि एका प्रदर्शनात टेबलावर मांडले. तिथे शीला आली. ती तेव्हा यवतमाळला डी.एड. करत होती, वसतिगृहात राहत होती. निळ्या, जांभळ्या, हिरव्या बाटल्या ओलांडून तिने मलाच उचलले.

"काका, असा रंग अजून आहे का तुमच्याकडे?"

"एवढाच आहे पोरी. चुकून झाला. पुन्हा होईल असं वाटत नाही."

तिने मला घेतले आणि सोबत एक काळे शाईपेनही घेतले. त्या दिवशी मला वाटले होते, आता आपले बरे दिवस आले.

वसतिगृहात शीलाच्या खोलीत सुरभी आणि सलोनी होत्या. सुरभी म्हणाली, "हा तर गंजलेल्या पत्र्याचा रंग." सलोनीला मी लोणच्यावरच्या तेलासारखी वाटले. शीला हसली आणि तिने माझ्याने पाठाचे टाचण लिहिले. ते टाचण पाहून एक मॅडम म्हणाल्या, "भावी शिक्षिकेने इतके भडक रंग वापरू नयेत." त्याच आठवड्यात दुसरे सर म्हणाले, "हा काय मेलेला रंग वापरतेस?" मित्रांनो, एकच रंग एकाच आठवड्यात भडकही होता आणि मेलेलाही. कोणाचे खरे मानायचे, ते मला आजपर्यंत कळलेले नाही.

मग तो अर्जाचा दिवस आला. शीलाने परीक्षेचा अर्ज माझ्याने भरला. अक्षर तिचे आधीच सुरेख, त्यात तो रंग. ती खुशीत कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानदाराने यंत्रातून निघालेला कागद तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "ताई, हा त कोराच आला."

खरेच, त्यावर अर्जाच्या छापील रेघा होत्या आणि तिचे नाव, गाव, जन्मतारीख काही म्हणजे काही नव्हते. त्या जुनाट यंत्राला मी दिसलेच नव्हते. अर्ज घेणाऱ्या खिडकीतले बाबू म्हणाले, "हा रंग चालत नाही. निळ्यानं किंवा काळ्यानं भरून आणा, आज शेवटचा दिवस आहे." शीला नवा अर्ज घ्यायला धावली, पायरीवर बसून दुसऱ्या कोणाच्या पेनाने तो भरला, आणि खिडकी बंद होता होता आत सरकवला. खोलीवर परत आल्यावर तिने माझे झाकण घट्ट फिरवले. ती रागावली नव्हती, घाबरली होती. पण त्यानंतर तिने मला कामासाठी कधी उघडले नाही.

पुढे शीलाचे लग्न झाले. ती आर्णीकडच्या या तांड्यावर रूपसिंग राठोडच्या घरी आली आणि तिच्या पेटीतून मीही आले. शिक्षकाची नोकरी काही मिळाली नाही. भरती निघेल, निघेल म्हणत वर्षे गेली. ती घरी ब्लाउज शिवू लागली. एकदा पेटी आवरताना रूपसिंगने बाटली उचलली, हलवली आणि म्हणाला, "हे काय, इंजन ऑइल होय?"

"शाई आहे," शीला म्हणाली.

"कायले ठेवली मग?"

शीलाने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. तिने मला वरच्या फळीवर ठेवून दिले. तिथे मी किती काळ राहिले, ते मोजले नाही. माझ्या अंगावर साय धरली. झाकणाच्या आट्यांत मी वाळून घट्ट झाले. झोपल्यासारखे वाटायचे, पण ती झोप नव्हती. आपले कोणाला काही काम नाही, हे कळले की जडपणा येतो ना, तसे ते होते.

त्या घरात एक माणूस होते, ज्याच्यामुळे मी आज तुमच्याशी बोलते आहे. शीलाच्या सासूबाई, जमनाबाई. तांड्यावर आईला याडी म्हणतात, शीलाही त्यांना याडीच म्हणायची. घरात सगळे गोरबोलीत बोलत, गावातल्यांशी वऱ्हाडीत. मी फळीवर बसून दोन्ही ऐकल्या. तुम्हाला समजावे म्हणून घरातल्यांचे बोलणे वऱ्हाडीतच सांगते, शीलाचे तेवढे तिच्या शाळेतल्या भाषेत. आणि वऱ्हाडीत बायकाही 'मी करतो, मी जातो' असेच म्हणतात.

जमनाबाई उंच, काटक. आयुष्यभर कापूस वेचलेला, त्यामुळे बोटांच्या टोकांवर बोंडांचे ओरखडे कायमचे बसलेले. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. गाव आणि तांडा मिळून एकच ग्रामपंचायत होती. सरपंचपद बाईसाठी राखीव झाले, तेव्हा तांड्याने त्यांना उभे केले आणि त्या निवडून आल्या. घरोघर फिरताना त्यांनी एकच गोष्ट कबूल केली होती. पाण्याची टाकी तांड्यावर आणीन.

निवडून आल्यावर कारभार मात्र रूपसिंगच पाहू लागला. तो काही वाईट मुलगा नव्हता. सभेला तोच जाई, खुर्चीत तोच बसे. रजिस्टर घरी आले की म्हणे, "याडी, अंगठा दे व." जमनाबाई पीठ मळत असल्या तर हात पुसून अंगठा देत आणि पुन्हा परातीत हात घालत.

एका सकाळी तांड्यावरच्या पाचसहा बायका रिकामे हंडे घेऊन अंगणात आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. भांडण परवडले असते. त्या थंड आवाजात बोलल्या.

"जमना, टाकी गावात जाऊन राह्यली. देवळामागच्या जागेत आखणी झाली."

"कोण म्हणते?"

"ठराव झाला. तुह्याच अंगठ्यानं झाला म्हणतात."

बायका निघून गेल्या. जमनाबाई ओट्यावर बसून राहिल्या. रूपसिंग आल्यावर त्यांनी विचारले, "तू वाचलं होतं काय त्या कागदात?"

"ग्रामसेवक म्हणे नेहमीचाच ठराव हाये. लवकर पायजे होता. मी म्हटलं, बरं."

"म्हणजे तू नाही वाचलं. अन् मले वाचता येत नाही." त्यांनी आपला उजवा अंगठा वर धरला. त्यावर जांभळी शाई अजून पुसट दिसत होती. "आता मी अंगठा देत नाही."

"मग काम कसं चालन?"

"सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी टाकीचा ठराव परत मांडतो. तोवर वाचाले शिकतो. वाचीन अन् मंगच सही करीन. नाही जमलं त खुर्ची सोडतो."

रूपसिंग हसला, याडी हसल्या नाहीत. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, कापसाची वेचणी जोरात होती.

दुसऱ्या दिवसापासून वेचणीवरून आल्यावर जमनाबाई शीलापुढे बसू लागल्या. शीला म्हणाली, "आधी तुमचं नाव शिकू, याडी."

"नाव त मले ठावं हाये. टाकी शिकव."

मित्रांनो, त्या बाईने पहिला शब्द शिकला तो 'टाकी'. दुसरा 'तांडा'. स्वतःचे नाव पुष्कळ नंतर आले.

पाटीवर ठीक चालले. पण कागदावर बॉलपेन हातात आले की घोटाळा होई. विळा धरल्यासारखी त्यांची पकड, जोर इतका की कागद फाटून जाई. "हे पेन मले बैलावानी ओढून नेते," त्या म्हणत आणि पेन खाली टाकत. चारदा कागद फाटला, तेव्हा शीला उठली आणि तिने स्टूल ठेवून वरच्या फळीवर हात घातला.

माझे झाकण उघडेना. तिने गरम पाण्यात बाटली धरली, फडक्याने आवळून फिरवले. झाकण निघाले आणि उजेड माझ्यावर पडला. वाळलेले काळे पेन तिने रात्रभर पाण्यात भिजत ठेवले होते की काय, असे मला वाटले, कारण निब स्वच्छ होती. मला बाहेर काढायचे तिच्या मनात आधीच घोळत असणार. ड्रॉपरने तिने मला पेनात भरले.

"याडी, याला दाबायचं नाही. सुई धरता तसं धरा. नुसतं टेकवा, ते आपलं आपण लिहिते."

जमनाबाई तरुणपणी कशिदा काढत. सुई म्हटल्याबरोबर त्यांची बोटे सैल झाली. निब कागदाला टेकली आणि मी आपणहून खाली उतरले. इतक्या वर्षांनी! 'टा'चा काना वाकडा आला, पण कागद फाटला नाही.

रूपसिंग मागून पाहत होता. "सरपंच अन् असा रंग? लोक हासतीन."

जमनाबाईंनी कागद जवळ धरला, लांब धरला. आता त्याही म्हणतील गंज, तेल, मेलेला रंग, म्हणून मी मन घट्ट केले.

"कायी अक्षरं मुंग्यावानी पयतात माह्या डोयापुढं," त्या म्हणाल्या. "हे बसून राह्यतात. हेच राहू दे."

माझ्यावरची सगळी मते मी तुम्हाला सांगितली. त्यांत मी कशासारखी दिसते ते न सांगता माझा उपयोग काय ते सांगणारे हे एकच होते.

मग रोज दुपार कलताना आम्ही तिघी बसायचो. शीला, याडी आणि मी. एकदा ड्रॉपर निसटला आणि जमनाबाईंचा अख्खा अंगठा माझ्यात बुडाला. त्यांनी तो वर करून शीलाला दाखवला. "घे, लावला अंगठा तुह्या शाईत!" दोघी इतक्या हसल्या की शेजारची बाई बघायला आली. "कायचं कुंकू कालवून राह्यल्या व?" तिने विचारले. ती निघून गेल्यावर पुन्हा हसल्या.

पण रोज हसण्याचे नव्हते. दिवसभर वेचून जमनाबाईंची कंबर धरलेली असे. कधी लिहिता लिहिता त्यांची मान खाली पडे, पेन उघडेच राही आणि मी निबीवर वाळून जाई. शीला त्यांना उठवत नसे. पेन हळूच काढून घेई आणि ओल्या फडक्याने पुसून ठेवी. त्या बाईचा थकवा मला चांगला कळत होता. तिच्या वयाला कोणी पाटी हातात देत नाही आणि माझ्या वयाला कोणी पेन.

खरी अडचण पुढेच होती. शीलाचे अक्षर छापल्यासारखे. जमनाबाई ते वाचू लागल्या, म्हणून शीलाने पंचायतीचा एक जुना कागद समोर ठेवला. त्यावर ग्रामसेवकाचे घाईचे अक्षर. जमनाबाईंना त्यातले एकही अक्षर लागेना. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि दूर सारला.

"म्हणजे मी शिकलो ते खोटंच होतं काय?"

"खोटं नाही याडी. त्यांचं अक्षर वाईट आहे."

"वाईट अक्षरातच त लिहितीन न ते! तुह्या अक्षरात कोण लिहून देते मले ठराव?" त्या उठून गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या बसल्या नाहीत. पेन तसेच पडून होते. मला वाटले, संपले. परत फळी.

तिसऱ्या दिवशी शीलाने एक गंमत केली. तिने मुद्दाम वाईट लिहायला सुरुवात केली. आयुष्यभर वळणदार अक्षरासाठी शाबासकी घेतलेली ती मुलगी आता अक्षरे तिरकी पाडू लागली, रेघ अर्धीच ओढू लागली, 'त' आणि 'न' एकसारखे काढू लागली. काही शब्द तर तिचे तिलाच वाचता येईनात. "बघा याडी, हा आला ग्रामसेवक," असे म्हणून ती कागद पुढे ठेवी. जमनाबाई हळूहळू परत बसू लागल्या. चुकत, थांबत, बोटाने अक्षर चाचपत त्या वाईट अक्षर वाचायला शिकल्या. माझी अर्धी बाटली त्या वाईट अक्षरातच गेली आणि त्याचे मला जराही दुःख नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात झेंडा झाला. मुलांना बुंदी वाटली गेली आणि सभा भरली. जमनाबाईंनी काळे पेन कमरेच्या बटव्यात ठेवले होते. आत मी होते, काठोकाठ भरलेली. त्या स्वतः खुर्चीत बसल्या. रूपसिंग मागे उभा राहिला. शीला बायकांत बसली होती.

टाकीचा विषय निघाला. उपसरपंच सदाशिवराव गावातले मोठे शेतकरी. ते म्हणाले, "जमनाबाई, गावालेही पाणी पायजे. आमच्या विहिरी मार्चमध्येच आटतात."

"पायजेच न, सदाशिवभाऊ. पण गावात विहिरी त हायेत. तांड्यावर एकबी नाही. आमच्या पोरी नाल्यात वाळू उकरून झिऱ्यावर पाणी भरतात. टाकी तांड्यावर, अन् तठून नळ गावाले. उंचावरून पाणी खाली येते, खालून वर जात नाही."

चर्चा झाली, आवाज चढले, हात वर झाले. तांडा आणि गावातल्याही काही बायका मिळून जास्त हात जमनाबाईंच्या बाजूने निघाले. ग्रामसेवकाने भराभर ठराव लिहिला आणि रजिस्टर पुढे सरकवले. सवयीने त्याने अंगठ्यासाठीचा जांभळ्या शाईचा डबाही पुढे ठेवला.

जमनाबाईंनी डबा बाजूला केला. बटव्यातून पेन काढले आणि टोपण न काढताच त्याचे टोक पहिल्या अक्षराखाली ठेवले. त्या वाचू लागल्या. मोठ्याने. एकेक अक्षर.

"आ… ज… दि… नांक…"

मैदानात कुजबुज झाली. मागून कोणी तरी हसले. रूपसिंग वाकून म्हणाला, "याडी, लोक थांबून राह्यले."

"थांबू दे. मीबी लय थांबलो."

त्या वाचत राहिल्या. पेन एकेका अक्षराखालून पुढे सरकत होते. हळूहळू हसणे थांबले. मुलांना बुंदी खाताना कोणी तरी गप्प केले. मग एका शब्दाशी पेन थांबले. त्या मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"अठी तांडा नाही."

"काय?" ग्रामसेवक म्हणाला.

"अठी लिहिलं हाये, 'ग्राम… पंचायत… हद्दीत… योग्य… जागी'. तांडा हा शब्दच नाही."

"बाई, ते नंतर घालता येतं. हद्दीत म्हणजे त्यात तांडाही आला."

"त्यात गावही आलं. नंतर नोको. आता घाला."

ग्रामसेवकाने सदाशिवरावांकडे पाहिले. सदाशिवराव मान फिरवून झेंड्याकडे पाहत होते. मग ग्रामसेवकाने ओळ खोडली आणि वर नवी लिहिली. जमनाबाईंनी पुन्हा पेन टेकवले.

"तां… डा." त्यांनी श्वास सोडला. "हो. आता हाये."

मित्रांनो, आता माझी पाळी होती. त्यांनी टोपण काढले. निब उन्हात चमकली. मी पुढे सरसावून बसले होते. पुष्कळ सोसले होते, पण या एका सहीसाठी सगळे विसरायला तयार होते.

"अहो बाई, थांबा!" ग्रामसेवकाने हात आडवा घातला. "कुठला रंग आहे हा? हा रंग चालत नाही. वर पाठवायला झेरॉक्स काढावी लागते, त्यात येणार नाही. सही दिसली नाही तर ठराव परत येईल. निळ्याने करा."

जमनाबाई निबीकडे पाहत राहिल्या. एवढे मला स्पष्ट आठवते. मग त्यांनी बायकांत बसलेल्या शीलाकडे पाहिले. शीलाने खाली पाहिले आणि होकाराची मान हलवली. तिला तो कोरा कागद आठवला असणार.

जमनाबाईंनी टोपण लावले. रूपसिंगने आपल्या खिशातले निळे बॉलपेन काढून दिले. त्यांनी ते सुईसारखे धरले आणि सही केली.

मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू? ज्या दिवसासाठी अर्धी बाटली झिजले, त्या दिवशी मी टोपणाखाली अंधारात होते. टाळ्यांचा आवाज आला, तोही दबका. पण घरी जाताना शीला म्हणाली, "याडी, 'ज'चं वळण काय सुंदर आलं हो तुमचं! आणि कागद कुठे फाटला नाही." तेव्हा मला कळले, की ते वळण माझ्याने गिरवून गिरवून आले होते. रंग दुसऱ्याचा होता, एवढेच.

टाकी लगेच झाली असे समजू नका. पुढचा उन्हाळा तसाच झिऱ्यावर गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तांड्याच्या टेकाडावर टाकी उभी राहिली. पाणी एक दिवसाआड येते. सदाशिवराव बरेच दिवस जमनाबाईंशी बोलत नव्हते, आता रस्त्यात दिसले तर रामराम करतात. रूपसिंग सभेच्या दिवशी याडीला मोटरसायकलवर सोडतो आणि बाहेर कडुनिंबाखाली बसून राहतो. आत जात नाही.

जमनाबाईंच्या बटव्यात आता निळे पेन असते. ते बरोबरच आहे. मी पुन्हा फळीवर आले.

शीला एकदा यवतमाळला गेली, तेव्हा मुद्दाम भगवानरावांच्या घरी गेली होती. ते वारले होते. बेबीताईंनी सांगितले, त्या रंगाचे माप त्यांनी कुठे लिहून ठेवले नव्हते, नंतर करून पाहिला तो जमला नव्हता. मग त्यांनी विचारले, "काय लिहिलंस त्याने, दाखव तरी." शीलाच्या पर्समध्ये याडीने गिरवलेला एक कागद होता. बेबीताई तो कितीतरी वेळ पाहत राहिल्या. रंगाबद्दल मात्र त्यांनी चांगले वाईट काहीच म्हटले नाही. घरी येऊन शीलाने हे सगळे जमनाबाईंना सांगितले आणि मला कळले, की माझ्यासारखी दुसरी आता होणार नाही.

आज मानीबाई आली. ती तांड्याच्या दुसऱ्या टोकाला राहते, जमनाबाईंहून चार वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "मले बी नाव लिहाचं हाये. कोणत्या कागदासाठी नाही. असंच." शीलाने मला खाली काढले. बाटली वाकडी करून ड्रॉपरने खरवडून जेवढी निघाली तेवढी पेनात भरली.

मानीबाईने सुईसारखे पेन धरले. 'मा' झाले. 'नी' झाले. आणि मग निब कोरडी पडली. शीलाने बाटलीत पाण्याचे दोनचार थेंब टाकले, हलवले, पुन्हा भरली. 'बा' उमटले, पण फिकट. विड्याच्या पिचकारीच्या जुन्या डागासारखे.

"हे अर्धं फिकं काहून?" मानीबाईने विचारले.

"शाई थकली आता, मावशी."

मानीबाईने पेन खाली ठेवले. ओढणीने तोंड पुसले. "थकू दे तिले. मीबी सकायपासून तुरीतच होतो. बसू थोडं."

आणि ती खरेच बसली. कोणी घाई केली नाही. निबीच्या टोकाशी मी हळूहळू जमत गेले.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी शाई असेल, खडू असेल, सुताचा गुंडा असेल. त्याचा रंग आवडला नाही तर खुशाल सांगा, मत द्यायला हरकत नाही. पण मत देण्याआधी त्याने एक ओळ लिहून पाहा. आणि लिहून झाले की झाकण लावायला विसरू नका. आम्ही न लिहिताही संपतो.

मानीबाईने पेन पुन्हा उचलले आहे. 'ई' अजून राहिली आहे.